पट्टीखालचं देठ

माझ्या पाठीमागे सगळे मला डिंकबाई म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, कारण म्हटलं तर काय काय ऐकून घ्यावं लागेल ते त्यांना ठाऊक आहे. वाळवलेल्या झाडांच्या संग्रहालयात मी एकतीस वर्षं एकच काम करते आहे. माणसं रानातून झाडं आणतात, दाबपेटीत घालून वाळवतात आणि मग ती माझ्या टेबलावर येतात. मी ती जाड पांढऱ्या कागदावर मांडते, खळ लावून चिकटवते, खोडावरून कापडी पट्ट्या घालते आणि खाली उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावते. तो कागद कपाटात जातो आणि पुढची दोनशे वर्षं तिथे राहावा अशी अपेक्षा असते. चिकटवण्यात काय मोठंसं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्या शेजारी बसून पाणवनस्पतीचं एक पान न फाडता कागदावर बसवून दाखवावं. मग आपण बोलू.

धाकटीचा फोन आला तो शनिवारी. धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. ती लॉंड्रीत इस्त्री करते, तिचा नवरा बसडेपोत मेकॅनिक आहे, आणि दोघं शहराच्या कडेला, बैठ्या घरांच्या एका ओळीत दोन खोल्यांत राहतात. त्यांच्या मागच्या दारापासून दहा पावलांवर पाणथळ जमीन आहे. रस्त्याचं, गल्लीचं, पलीकडच्या उंच इमारतींचं सगळं पाणी तिथे उतरतं आणि जिरतं. ती जमीन आता भरून काढायची, वर ट्रक उभे करायचा तळ करायचा, असं ठरलं होतं. मातीचे डंपर सोमवारच्या पुढच्या सोमवारी येणार होते. माती पडल्यावर पाणी जाणार कुठे? धाकटीच्या स्वयंपाकघरात, आणखी कुठे. दोन वर्षांपूर्वी नुसता एक कोपरा भरला होता, तेव्हा तिच्या पलंगाचे पाय बुडाले होते आणि भिंतीचा ओलावा अजून गेलेला नाही.

शुक्रवारी नगरपालिकेत सुनावणी होती. तिने मला त्यासोबतचा कागद वाचून दाखवला. सदर जागेत दखल घेण्याजोगी कोणतीही वनस्पती नाही, केवळ गवत व साधी चौधारी आहे, असं त्यात लिहिलं होतं आणि खाली सही आमच्या साहेबांची होती. ताई, हा तुमच्याच ऑफिसातून आलाय, एवढंच ती म्हणाली आणि गप्प झाली. तिची ही गप्प व्हायची तऱ्हा मला लहानपणापासून माहीत आहे. त्यापेक्षा तिने मला चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं.

रविवारी मी तिच्याकडे गेले. मेव्हण्यांनी त्यांचे गमबूट दिले, ते मला दोन नंबर मोठे. मी चिखलात उतरायला लागले तशी त्यांना थट्टा सुचली. एकतीस वर्षं मेलेली झाडं बघितलीत, आता जिवंत दिसली तर घाबरू नका, म्हणाले. मी म्हटलं, जीभ चालवण्यापेक्षा एखादी दोरी शोधून ठेवा, मी रुतले तर ओढायला तुम्हीच आहात.

चौधारी मला अनोळखी नव्हती. आजवर चारेकशे कागद तरी मी तिचे केले असतील. खोड गोल नसतं, चौकोनी असतं, म्हणून चौधारी. पानं समोरासमोर, जोडीजोडीने. प्रत्येक पानाच्या बगलेतून एकेक निळं-जांभळं फूल. फुलाला दोन ओठ, वरचा मागे वळलेला आणि खालचा पुढे काढलेला, आणि घशाशी दोन पिवळे फुगवटे, त्यामुळे तोंड जवळजवळ मिटलेलं. मधमाशी आली की तिला खांदा लावूनच आत घुसावं लागतं. आत डोकावलं तर स्त्रीकेसराच्या टोकाला दोन इवल्याशा पाळ्या उघड्या दिसतात. मी गवताच्या काडीने त्यांना नुसता स्पर्श केला आणि त्या माझ्या डोळ्यांदेखत मिटल्या. एकतीस वर्षांत हे मी पाहिलं नव्हतं. माझ्यापर्यंत येतं ते फूल तपकिरी, चपटं, केव्हाच मिटून गेलेलं. मला इतका आनंद झाला की मी पाच-सहा फुलांना काडी लावून पाहिली, आणि एवढी वर्षं हे बघायला आलो नाही याची लाजही वाटली.

मग तोल सावरायला म्हणून मी एक खोड धरलं आणि बोटांना काहीतरी वेगळं लागलं. साध्या चौधारीच्या खोडाला चार नुसत्या कडा असतात. या खोडाच्या प्रत्येक कडेवर एक पातळ, आरपार दिसणारा पदर होता, माशाच्या परासारखा. मी खाली वाकून पानं पाहिली. साध्या चौधारीच्या पानाला देठ नसतंच, पान थेट खोडाला चिकटून बसतं. इथे प्रत्येक पानाला गव्हाच्या दाण्याएवढं देठ होतं. एका झाडाला असेल म्हणून मी दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, उन्हातलं पाहिलं, सावलीतलं पाहिलं. सगळ्यांना देठ होतं.

ही पंखी चौधारी होती. आमचं संग्रहालय ज्यांनी उभं केलं त्या थोरल्या सरांनी ती वेगळी म्हणून नोंदवली होती. त्यांना ती एका ओढ्याकाठी मिळाली होती आणि त्या ओढ्यावरून पुढे रस्ता गेला. ज्या जमिनीवर ती असेल तिथे माती टाकता येणार नाही, अशा झाडांच्या यादीत तिचं नाव बरीच वर्षं होतं. चार वर्षांपूर्वी आमच्या साहेबांनी ते काढायला लावलं. त्यांचं म्हणणं असं की पंखी चौधारी म्हणून काही नाहीच. थोरल्या सरांनी गोळा केलेले सहा मूळ नमुने आपल्याकडे आहेत, त्यांतल्या एकाही पानाला देठ नाही, आणि खोडावरचे ते पदर म्हणजे दाबताना पडलेल्या सुरकुत्या. सरांची नोंद चुकली, विषय संपला. त्यावर त्यांनी एक शोधनिबंधही छापला होता.

सोमवारी मी एक फांदी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांच्यासमोर ठेवली. साहेब वाईट नाहीत. हुशार आहेत, आणि आपण हुशार आहोत हे त्यांना जरा जास्तच माहीत आहे. त्यांनी भिंगातून पाहिलं, हं केलं आणि म्हणाले, पाणी जास्त मिळालं की असं होतं कधी कधी, ताज्या झाडावर जायचं नाही, मूळ नमुना काय सांगतो ते बघायचं. मग त्यांनी स्वतः कपाट उघडून ते सहा कागद माझ्या टेबलावर ओळीने मांडले.

"दाखवा," ते म्हणाले. "कुठे आहे देठ?"

देठ दिसत नव्हतं. दिसत होत्या त्या पट्ट्या. प्रत्येक कागदावर तीन, कारण खोडाला सांधेही तीनच, आणि तिन्ही बरोबर सांध्यावर, जिथे पानांची जोडी फुटते तिथे. खोडावरून आडव्या जाऊन त्यांनी दोन्ही बाजूंच्या पानांची बुडं झाकून टाकली होती. पट्ट्यांचे कोपरे कात्रीने गोल केलेले होते. अख्ख्या संग्रहालयात कोपरे गोल करणारं माणूस एकच आहे. ती मी.

कामाला लागून मला तेव्हा एक महिनासुद्धा झाला नव्हता. शिकवणाऱ्या बाई रजेवर होत्या. ती चौकोनी खोडं कागदावर काही केल्या बसेनात, मधे पट्टी लावली की दुसरीकडून उसळायची. सांध्यावर दोन्ही पानांचा आधार मिळतो, तिथे पट्टी पक्की बसते, हे माझं मीच शोधून काढलं आणि स्वतःवर खूश झाले. पुढच्या आठवड्यात थोरल्या सरांनी दुसऱ्या एका कागदावर तेच पाहिलं आणि मला हाक मारून सांगितलं की पट्टी नेहमी दोन सांध्यांच्या मधे घालायची, सांधा, फूल आणि फळ कधी झाकायचं नाही, झाडाची ओळख पटते ती तिथेच. मी तो कागद दुरुस्त केला. आधीचे सहा कपाटात जाऊन पडले होते, त्याबद्दल मी तोंड उघडलं नाही. नवी नोकरी होती, भीती वाटली. कोण बघतंय, असंही वाटलं. आणि मग मी खरोखरच विसरून गेले.

त्या सोमवारी मी सहाही कागद परत कपाटात ठेवले. घरी गेले, जेवण गेलं नाही. सरांची नोंद चुकली म्हणून चार वर्षं जग त्यांना नावं ठेवत होतं आणि चुकली होती ती मी. वर धाकटीचं घर.

मंगळवारी सकाळी मी साहेबांना सगळं सांगितलं आणि पट्ट्या सोडवायची परवानगी मागितली. ते आधी हसले. मग म्हणाले की मूळ नमुन्याला हात लावायचा तर तीन जणांची समिती लागते आणि समिती दोन महिन्यांनी बसणार आहे. मी म्हटलं, डंपर सोमवारी येणार आहेत. डंपर येणार हे तुम्हाला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं, आणि मी लपवलं नाही. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे बहिणीचं घर वाचवायला तुम्हाला देठ हवंय."

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच तुमच्यासमोर सोडवते म्हणतेय. बघायचं तुम्ही. मी नाही बघणार."

त्यांनी दाराकडे हात केला. मी बाहेर आले ती कानशिलं तापवूनच. निवृत्तीला सात महिने राहिले होते, आणि मूळ नमुन्याशी छेडछाड करणाऱ्याला इथे काय मिळतं ते मला ठाऊक होतं. पण लोकांच्या घरात पाणी शिरतंय आणि आपण समितीची वाट बघत चहा पीत बसायचं, हे मला जमणारं नव्हतं. मी ती पट्टी लावली होती आणि मीच ती काढणार होते.

चोरून काही करायचा माझा स्वभाव नाही. बुधवारी अकरा वाजता, सगळी खोली भरलेली असताना, मी कपाटाची किल्ली फिरवली. टंकलेखिकेला बोलावलं, पहारेकऱ्याला बोलावलं, संशोधन करणाऱ्या दोन मुलींना भिंग घेऊन बसवलं. साहेबांना निरोप धाडला की या, पट्टी काढते आहे. मग पहिला कागद घेतला. कोमट पाण्यात ब्रश बुडवून पट्टीवर नुसता टेकवायचा, टिपकागद ठेवायचा, थांबायचं, पुन्हा टेकवायचा. साहेब आले तेव्हा पट्टीचं एक टोक सुटलं होतं. त्यांनी पहारेकऱ्याला कागद काढून घ्यायला सांगितलं. पहारेकरी भिंतीवरच्या घड्याळाकडे असा बघत राहिला की त्याला जणू आजच वेळ सांगायला शिकवलं होतं.

मी पट्टी उचलली आणि तिच्याबरोबर पानाचं बूडही उचकटून आलं. एकतीस वर्षांची खळ होती, देठ तिच्यातच अडकून मोडलं. कागदावर राहिला तपकिरी चुरा. पट्टीच्या पोटाशी एक तुकडा होता खरा, पण तो देठाचा का पानाच्या शिरेचा, हे शपथेवर सांगता आलं नसतं.

साहेब हळू आवाजात म्हणाले, झालं समाधान? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो नमुना पुन्हा कधी मिळणार नव्हता, आणि आधी मी तो झाकला होता नि आता मोडला होता. एक मुलगी म्हणाली, बाई, राहू द्या. मी राहू दिलं नाही. दुसरा कागद ओढला. या वेळी घाई केली नाही. खळ फुगून पांढरी होईपर्यंत वीस मिनिटं टिपकागद बदलत राहिले, आणि मग पट्टी उचलली नाही, ती मागे मागे गुंडाळत नेली, चादर दुमडतात तशी.

खाली दोन पानं होती, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि दोघांना गव्हाच्या दाण्याएवढं देठ होतं. खोडाच्या कडेचा पदरही तिथे, पट्टीखाली, उभाच्या उभा वाळलेला राहिला होता. मुलींनी पाहिलं. साहेबांनी पाहिलं, बराच वेळ, माझ्याच भिंगातून. मग ते आपल्या खोलीत निघून गेले. नियमाप्रमाणे मी दोन्ही कागदांवर चिठ्ठी लावली. पट्टी मी लावली होती, चुकीच्या जागी लावली होती, आज मीच काढली. खाली सही आणि तारीख.

गुरुवारी मला मेमो मिळाला. साहेबांनी तो रागाच्या भरात स्वतः लिहिला होता हे उघड होतं. पंखी चौधारीच्या मूळ नमुन्यांवरील पट्ट्या आपण विनापरवाना काढल्या, त्यामुळे नमुना क्रमांक एकवरील पानाचे देठ तुटून नमुन्याची हानी झाली व नमुना क्रमांक दोनवरील देठे उघडी पडली, सबब चौकशी होईपर्यंत आपणांस निलंबित करण्यात येत आहे. सही, शिक्का, जावक क्रमांक. टंकलेखिका मला तो देताना रडवेली झाली होती. मी तो एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि तिला म्हटलं, याच्या मला तीन झेरॉक्स काढून दे.

शुक्रवारी सुनावणीला मी आणि धाकटी शेजारी शेजारी बसलो. तिने कडक इस्त्रीचे कपडे घातले होते. मेमोचं मी तिला रस्त्यात सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ताई, तू घरी जा, मी भाड्याने खोली बघते कुठेतरी. मी तिला गप्प केलं. समोर सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाई, त्यांच्या डाव्या हाताला ट्रकतळाची माणसं, आणि त्यांच्या ओळीत आमचे साहेब. त्यांना विचारलं गेलं तेव्हा, अहवाल दिला आहे तोच कायम आहे, फेरतपासणी पुढे यथावकाश होईल, असं ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

मी उठले आणि मेमो बाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो वाचला, उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"हा तर तुमच्याच विरुद्धचा कागद आहे. तुम्ही का देताय?"

"त्यात साहेबांनी खरं लिहिलंय म्हणून."

त्यांनी तो मोठ्याने वाचला. मग साहेबांना विचारलं की ज्या झाडाच्या पानाला देठच नाही असं तुम्ही छापलंत, त्याचं देठ तुटलं कसं, आणि जे झाड मुळात नाही म्हणता त्याचं नाव तुमच्या पत्रात काय करतंय. मागे कोणीतरी हसलं. साहेब उभे राहिले. मला वाटलं, आता हे शब्दांचे खेळ करतील. पण ते म्हणाले, देठ आहे, मी पाहिलं आहे.

मग एवढी वर्षं दिसलं का नाही, असं बाईंनी विचारलं. साहेब म्हणाले, वर पट्टी होती. एवढंच म्हणाले. कोणी लावली ते त्यांनी सांगितलं नाही. मी तिथेच खाली बसले असते तर प्रश्न तेवढ्यावर मिटला असता, आणि गोल कोपऱ्यांची माझी एकतीस वर्षं शाबूत राहिली असती.

"ती मी लावली होती," मी म्हटलं. "सहाच्या सहा कागदांवर. सरांची चूक नव्हती आणि साहेबांचीही फारशी नाही. त्यांना दिसू नये अशी सोय मी करून ठेवली होती. माझी चूक मी कबूल करते, पण तिच्यावर माती टाकू देणार नाही."

बाईंनी लिहून घेतलं. नव्याने पाहणी होईपर्यंत त्या जमिनीवर मातीचं एक घमेलंही पडता कामा नये, असा हुकूम त्यांनी तिथल्या तिथे सांगितला आणि ट्रकतळाच्या माणसांना सही करायला लावली. धाकटी माझा हात धरून रडायला लागली. मलाही रडू आलं, पण ट्रकतळवाले बघत होते म्हणून मी नाक तेवढं पुसलं.

बाहेर व्हरांड्यात साहेबांनी आम्हाला गाठलं. त्यांचा चेहरा उतरला होता. पाहणीला बाहेरगावचे तज्ज्ञ येणार, त्याआधी उरलेल्या चार कागदांवरच्या पट्ट्या सोडवायला हव्यात, आणि हे काम दुसऱ्या कोणाच्या हातून व्हायचं नाही, असं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. उद्या सकाळी येता का, म्हणाले.

"मी निलंबित आहे साहेब," मी म्हटलं. "मूळ नमुन्याला हात लावायचा मला अधिकार नाही. तसा कागद आहे माझ्याकडे."

ते म्हणाले, घेतो मागे.

"लेखी घ्या. आणि झाडाचं नाव पूर्ण लिहा. नुसतं चौधारी नको."

त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, बाकावर बसले आणि मांडीवर बॅग ठेवून कागद काढला. खिसे चाचपले. धाकटीने डोळे पुसले आणि आपल्या पर्समधलं पेन टोपण काढून त्यांच्यापुढे धरलं.